हिवतापाचा डास शोधणारे डॉक्टर रॉस

दर वर्षी २० ऑगस्टला जागतिक डास दिन असतो. डासाचा पण दिवस असतो हे ऐकून वर्गात सगळे हसले. मग गुरुजींनी त्या दिवसाची गोष्ट सांगितली आणि मी गप्प झाले. कारण गेल्या गणपतीला माझे बाबा घाटकोपरहून आले ते हुडहुडी भरूनच आले होते. रक्त तपासले तेव्हा हिवताप निघाला. हिवताप म्हणजेच मलेरिया. म्हणून मी भित्तिपत्रकासाठी डॉक्टर रोनाल्ड रॉस यांची माहिती लिहिली आहे.

रॉस यांचा जन्म १३ मे १८५७ रोजी हिमालयातील अल्मोडा या गावी झाला. त्यांचे वडील इंग्रजांच्या सैन्यात मोठे अधिकारी होते. आठ वर्षांचे असताना रॉसना शिक्षणासाठी विलायतेला पाठवले. त्यांना चित्रे काढायला आणि कविता करायला आवडायचे. डॉक्टर व्हायचे त्यांच्या मनात नव्हते, पण वडिलांच्या इच्छेमुळे ते डॉक्टर झाले. १८८१ साली ते नोकरीसाठी पुन्हा भारतात आले.

१८८३ साली ते बंगलोरला राहत होते. घरात डास फार चावायचे. त्यांनी शोधले तर खिडकीजवळच्या पिंपात डासांच्या अळ्या वळवळत होत्या. पिंपातले पाणी ओतून टाकले तसे डास कमी झाले.

त्या काळी लोकांना वाटे की दलदलीच्या खराब हवेने हिवताप येतो. १८८० साली लाव्हेराँ या फ्रेंच डॉक्टरांना रोग्याच्या रक्तात हिवतापाचे जंतू दिसले होते. पण ते एकाच्या अंगातून दुसऱ्याच्या अंगात जातात कसे, हे कोडे सुटले नव्हते. १८९४ साली विलायतेत डॉक्टर मॅन्सन यांनी रॉसना डासांवर लक्ष ठेवायला सांगितले. १८९५ साली रॉस बोटीने मुंबईला उतरले. सामान सोडवून घ्यायच्या आधीच ते हिवतापाचे रोगी शोधायला दवाखान्यात गेले!

नंतर सिकंदराबादला त्यांनी दोन वर्षे डास कापून दुर्बिणीखाली तपासले. डास केवढासा, त्याचे पोट केवढेसे! उकाड्यात पंखासुद्धा लावता येत नसे, कारण वाऱ्याने डास उडून जायचे. इतके करूनही काही सापडेना. कारण ते चुकीच्या जातीचे डास तपासत होते. सगळे डास सारखे नसतात.

मग त्यांना पंखांवर ठिपके असलेले तपकिरी डास मिळाले. हुसेन खान नावाच्या रोग्याने ते डास स्वतःला चावून घेतले. दर डासामागे त्याला एक आणा मिळाला. २० ऑगस्ट १८९७ रोजी अशाच एका डासाच्या पोटात रॉसना हिवतापाचे जंतू वाढताना दिसले. त्यांना एवढा आनंद झाला की त्यांनी कविता लिहून बायकोला कळवली.

पण लगेच त्यांची बदली राजस्थानात खेरवाड्याला झाली आणि काम अडले. १८९८ साली ते कलकत्त्याला गेले. तिथे महंमद बक्ष हा मदतनीस त्यांना डास पकडून देई. पक्ष्यांनाही हिवताप होतो. डास चावल्यावर त्याच्या लाळेतून जंतू अंगात जातात, हे रॉसनी पक्ष्यांवर प्रयोग करून दाखवले. १९०२ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. १६ सप्टेंबर १९३२ रोजी लंडनमध्ये ते वारले.

हिवताप पसरवणाऱ्या डासांना ॲनॉफिलीस म्हणतात. त्यातही पुष्कळ जाती आहेत. मुंबईत हिवताप पसरवतो त्या डासाचे नाव ॲनॉफिलीस स्टीफेन्सी. हे नाव मी पाच वेळा लिहून पाठ केले. या एका जातीचेही तीन प्रकार आहेत. अंड्याच्या कडेच्या रेघा मोजून शास्त्रज्ञ ते ओळखतात. हा डास गटारात नाही, तर विहिरीत, टाकीत, पिंपात, स्वच्छ पाण्यात अंडी घालतो. १९११ साली डॉक्टर बेंटली यांनी मुंबईच्या हिवतापावर अहवाल लिहिला, त्यातही विहिरी आणि टाक्यांचे कारण दिले होते.

हे ऐकले तेव्हा मला कळले. बाबा घाटकोपरला गवंडीकाम करतात. स्लॅब पक्का व्हावा म्हणून त्यावर पाणी साठवून ठेवतात. टाक्यांना झाकणे नसतात. आमच्या घरीपण आई मोरीच्या पाण्याचे गटार रोज साफ करते, पण हौद उघडाच असायचा. आम्हाला वाटायचे, पाणी स्वच्छ आहे ना, मग झाले! मी वाकून बघितले तर अळ्या पाण्याच्या वर आडव्या तरंगत होत्या. ॲनॉफिलीसच्या अळ्या अशाच आडव्या असतात. दुसऱ्या डासांच्या डोके खाली करून लोंबतात.

अंड्याचा डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस लागतात. म्हणून आता आम्ही दर शनिवारी हौद रिकामा करून घासतो आणि वर झाकण ठेवतो. बाबा औषधाने बरे झाले आणि कामावर परत गेले. त्यांच्या खोलीतल्या पिंपाला झाकण आहे का, ते मी फोनवर दर रविवारी विचारते.

आमच्या गावातली पुष्कळ माणसे अंधेरी, बोरिवली, मुलुंडला कामाला आहेत. आज शाळेत आलेल्या आई-बाबांनी त्यांनाही हे कळवावे आणि घरी गेल्यावर आधी आपल्या हौदात वाकून बघावे.

– इयत्ता ४ थी