स्वर्गाची गंमत आणि जीनचा भोग

चित्रगुप्ताची वही आपल्याला लहानपणापासून ठाऊक आहे. माणूस गेला की वही उघडायची, पापपुण्याचा हिशोब व्हायचा आणि मग वर की खाली ते ठरायचं. मागे एकदा भाच्याने त्याच्या लॅपटॉपवर एक जुना अमेरिकन चित्रपट लावून दिला. त्यात हाच हिशोब इतक्या गमतीने मांडलाय, की मी अक्षरशः पोट धरून हसले.

चित्रपटाचं नाव ‘हेवन कॅन वेट’, साल १९४३. एक म्हातारे गृहस्थ मरतात आणि थेट नरकाच्या दिवाणखान्यात जाऊन उभे राहतात. कोणी ओढून आणलेलं नाही, स्वतःच्या पायांनी आलेत! आयुष्यभर बायकांच्या मागे फिरलो, तेव्हा आपली जागा हीच, अशी त्यांची खात्री. पण तिथला साहेब शिस्तीचा. पात्रता तपासल्याशिवाय तो कोणालाही आत घेत नाही. मध्येच एक बाई बडबडत येतात, साहेब हळूच बटण दाबतो आणि पायाखालची फळी सरकून बाई गडप! मग हे गृहस्थ आपली सगळी जन्मकथा सांगत बसतात, आणि त्या कथेत येते त्यांची बायको मार्था. नवऱ्याचे सगळे गुण ओळखून असलेली, चिडून एकदा माहेरी निघून गेलेली, तरीही त्याच्यावर जीव असलेली. शेवटी साहेब त्यांना नरकात घेतच नाही. मार्था वर वाट बघत असेल, असं सुचवून लिफ्टने वर पाठवून देतो.

ही मार्था पाहिली आणि मी भाच्याला विचारलं, ही कोण रे एवढी देखणी? हिरवट निळे डोळे, उंच गालफडं, आणि बोलणं असं शांत की ऐकतच राहावं. तिचं नाव जीन टियर्नी. एका काळी हॉलिवूडमधल्या सर्वांत सुंदर स्त्रियांत तिची गणना व्हायची. मग मी तिच्याबद्दल मिळेल ते वाचत गेले, आणि वाचताना हसू कुठच्या कुठे पळालं.

जीनचा जन्म १९ नोव्हेंबर १९२० चा, न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागातला. वडील विम्याच्या धंद्यात, आई लग्नाआधी व्यायामाची शिक्षिका. घर खाऊनपिऊन सुखी. मुलीला शिकायला थेट स्वित्झर्लंडला पाठवलं. १९३८ मध्ये घरचे सगळे सहलीला म्हणून हॉलिवूडचा स्टुडिओ पाहायला गेले, तर तिथल्या एका दिग्दर्शकाने हिला पाहिलं आणि ही पडद्यावर हवी असं सांगितलं. वडिलांना ते फारसं पटलं नाही. करायचंच असेल तर आधी नाटकात काम कर, अशी त्यांची अट. न्यूयॉर्कच्या रंगभूमीवर तिचं पहिलं काम काय, तर पाण्याची बादली घेऊन रंगमंचावरून जायचं! पण दोनच वर्षांत ट्वेंटिएथ सेंच्युरी फॉक्स कंपनीने तिच्याशी करार केला आणि १९४० मध्ये पहिला चित्रपट आला. पडद्यावर स्वतःचा आवाज ऐकून तिला वाईट वाटलं, फारच किरटा वाटला तिला तो. आवाज जाड व्हावा म्हणून कोणीतरी सिगारेटचा उपाय सुचवला आणि तिने तो धरला. ही गोष्ट लक्षात ठेवा हं.

वडिलांनी तिच्या कमाईसाठी एक कंपनी काढली होती. पोरगी कमावती, वडील सांभाळणारे, पैसा घरातच. आपल्याकडेही असंच चालतं, नाही का? पुढे तिला कळलं की त्या कंपनीत तिचं म्हणून काहीच उरलेलं नाही. वडिलांनी सगळं वापरून टाकलं होतं. तो घाव तिच्या मनावरून गेला नाही.

१९४१ च्या जूनमध्ये तिने ओलेग कॅसिनी नावाच्या वेशभूषाकाराशी पळून जाऊन लग्न केलं. आईवडिलांचा कडाडून विरोध होता. गंमत पाहा, दोनच वर्षांनी पडद्यावरची मार्थाही अशीच पळून जाऊन लग्न करते. मार्था असते कॅन्सस राज्यातली, आणि जीनच्या नशिबातही पुढे दोनदा कॅन्सस लिहिलेलं होतं.

तेव्हा दुसरं महायुद्ध चालू होतं. घरोघरची मुलं आघाडीवर, तार आली की आयांचा थरकाप व्हायचा. अशा दिवसांत मेल्यानंतर काय याची हलकीफुलकी गोष्ट सांगणारे चित्रपट तिकडे भराभर निघत होते. १९४१ च्या ‘हिअर कम्स मिस्टर जॉर्डन’मध्ये तर वरचा एक दूत घाई करतो आणि एका मुष्टियोद्ध्याला वेळेआधीच उचलून नेतो, मग त्याच्यासाठी नवीन शरीर शोधत फिरायची पाळी! आपला माणूस कुठेतरी आहे, पुसला गेलेला नाही, एवढं वाटलं तरी माणसाला धीर येतो. मला वाटतं त्या हसण्यामागे हा धीर असावा.

‘हेवन कॅन वेट’चं चित्रीकरण १९४३ च्या सुरुवातीला झालं, आणि त्याच सुमारास जीनला दिवस गेले. नवरा सैन्यात भरती झालेला, कॅन्ससमधल्या फोर्ट रायलीच्या छावणीत. त्याच्याकडे जाण्याआधी ती एका संध्याकाळी हॉलिवूड कॅन्टीनमध्ये गेली. हे कॅन्टीन म्हणजे सैनिकांसाठी चालवलेलं विसाव्याचं ठिकाण. मोठमोठ्या नट्या तिथे स्वतः वाढायच्या, सैनिकांशी गप्पा मारायच्या, सह्या द्यायच्या. एका अर्थी तेही समाजकार्यच. थोड्याच दिवसांत जीनच्या अंगावर पुरळ उठलं, बारीक ताप आला. जर्मन गोवर, म्हणजे रुबेला. आठवड्याभरात ती बरी झाली आणि विसरूनही गेली.

१५ ऑक्टोबर १९४३ ला वॉशिंग्टनमध्ये मुलगी झाली. दिवस पुरे व्हायच्या आत, वजन दीड किलोलाही कमी. बाळाचं रक्त बदलावं लागलं. हळूहळू कळत गेलं की तिला ऐकू येत नाही, डोळ्यांत मोतीबिंदू आहे, आणि बुद्धीची वाढही होणार नाही. ती कधी बोलली नाही.

सिडनीतल्या डॉ. नॉर्मन ग्रेग नावाच्या नेत्रतज्ज्ञांनी १९४१ मध्येच हे ओळखलं होतं. जन्मतःच मोतीबिंदू असलेली इतकी बाळं एकदम का येताहेत म्हणून त्यांनी आयांची चौकशी केली, आणि बहुतेकींना गरोदरपणाच्या पहिल्या महिन्यांत रुबेला होऊन गेल्याचं निघालं. पण सिडनीहून ही बातमी अमेरिकेतल्या घराघरांत पोचायला वेळ लागला. जीनने ती वर्तमानपत्रात वाचली तेव्हा मुलगी पाळण्यातून बाहेर आलेली होती. आपल्याकडून काय चुकलं, हा प्रश्न तोवर तिला जाळत होता. निदान उत्तर तरी मिळालं.

आणि मग ती भेट झाली. एका मेळाव्यात एक तरुणी हसतमुखाने जीनजवळ आली. ती सैन्यात होती. तिने सांगितलं की आपण पूर्वी भेटलोय, त्या कॅन्टीनमध्ये. तेव्हा आमच्या छावणीत जर्मन गोवराची साथ होती, बाहेर पडायला बंदी होती, पण तुम्ही माझी सर्वांत आवडती नटी, म्हणून मी बंदी मोडून तुम्हाला भेटायला आले होते. सांगताना तिचा चेहरा आनंदाने फुलला होता. जीन काहीच बोलली नाही. पाठ फिरवून निघून गेली.

मी इथे वाचता वाचता पुस्तक मिटलं होतं. तुम्ही असता तर काय केलं असतं? त्या पोरीला सांगितलं असतं? मला अजून ठरवता आलेलं नाही. अगाथा ख्रिस्तीच्या १९६२ च्या एका रहस्यकथेत अगदी असाच प्रसंग आहे, त्यातली नटी मात्र गप्प बसत नाही.

बाकी जगाला यातलं काही दिसत नव्हतं. १९४४ मध्ये ‘लॉरा’ गाजला, १९४५ च्या ‘लीव्ह हर टू हेवन’साठी तिला ऑस्करचं नामांकन मिळालं. आणि १९४७ मध्ये आला माझा लाडका, ‘द घोस्ट अँड मिसेस म्यूर’. विधवा लूसी म्यूर सासू-नणंदेच्या धाकातून बाहेर पडते, लहान मुलीला घेऊन समुद्रकाठचं एक घर भाड्याने घेते. घरात भूत! जुन्या मालकाचं, एका खलाशी कप्तानाचं. ती घाबरत नाही, चक्क त्याच्याशी भांडते. पैसे संपतात तेव्हा तो भूत असून तिला स्वतःचं चरित्र सांगतो, ती ते टंकते, आणि पुस्तकाच्या पैशांवर संसार चालतो. आता योगायोग ऐका, त्या कप्तानाचं आडनावही ग्रेग! या भूमिकेत जीनने कुठेही रडारड केलेली नाही. एकटी बाई स्वतःचं घर मिळाल्यावर कशी ताठ होते, ते तिच्या चालण्यातून दिसतं. तेव्हा तिची स्वतःची मुलगी चार वर्षांचीही नव्हती. त्याच सुमारास तिला घरापासून दूर एका संस्थेत ठेवायचा निर्णय झाला. हॉवर्ड ह्यूजेस या धनाढ्य मित्राने उपचारांचा खर्च उचलला, पण उपचार असा नव्हताच.

१९४८ मध्ये दुसरी मुलगी झाली, ती अगदी सुदृढ. लग्न मात्र १९५२ मध्ये मोडलं. मग प्रिन्स अली खानशी तिचं जुळलं, पण त्याचे वडील तिसरे आगाखान यांना ही सून नको होती. म्हणजे पुण्याचा आगाखान पॅलेस ज्यांनी बांधला, जिथे कस्तुरबा गेल्या, तेच हे आगाखान. तेही लग्न झालं नाही.

मन तोवर पार थकलं होतं. संवाद आठवेनात, माणसं आपल्याविरुद्ध कट करताहेत असं वाटे. १९५५ च्या एका चित्रपटात हंफ्री बोगार्टने तिला प्रत्येक वाक्याला आधार देत काम पुरं करून घेतलं. त्याची स्वतःची बहीण मनाच्या आजाराने त्रस्त होती, म्हणून त्याने ओळखलं आणि उपचार घ्यायला लावले. रुग्णालयात तिला वीसहून अधिक वेळा विजेचे झटके दिले. आयुष्याचे तुकडेच्या तुकडे आठवणीतून गेले, असं तिचं म्हणणं होतं, आणि पुढे जन्मभर तिने या उपचारावर टीका केली. (आज ही पद्धत भूल देऊन, खूप काळजीने वापरतात, हेही सांगायला हवं. कोणी वाचून घरच्या माणसाचे उपचार थांबवू नका.) १९५७ च्या डिसेंबरात ती आईच्या घराच्या खिडकीबाहेर, चौदाव्या मजल्यावरच्या कठड्यावर जाऊन उभी राहिली. पोलिस आले, ती आत आली. तिथून तिची रवानगी झाली मेनिंजर क्लिनिकमध्ये. गाव टोपेका, राज्य कॅन्सस!

तिथे ती सावरली. बरं झाल्यावर माणसांत मिसळायची सवय व्हावी म्हणून तिने गावातल्याच एका कपड्यांच्या दुकानात विक्रेतीचं काम घेतलं. ऑस्करपर्यंत पोचलेली बाई गिऱ्हाइकांना झगे दाखवतेय! एका गिऱ्हाइकाने ओळखलं आणि वर्तमानपत्रांनी मोठमोठे मथळे दिले. मला मात्र तिचं हे काम तिच्या सगळ्या भूमिकांपेक्षा मोठं वाटतं. १९६० मध्ये टेक्सासमधल्या तेलाच्या धंद्यातल्या हॉवर्ड ली यांच्याशी तिचं लग्न झालं आणि ह्यूस्टनमध्ये ती शांतपणे राहिली. १९७९ मध्ये तिने आत्मचरित्र लिहिलं. मनाचा आजार, झटके, मुलगी, तो कठडा, सगळं. त्या पिढीतल्या नट्या असं काही बोलत नसत. ६ नोव्हेंबर १९९१ ला ती गेली, एकाहत्तरावा वाढदिवस तेरा दिवसांवर असताना. कारण फुप्फुसांचा आजार. आवाजासाठी धरलेली ती सिगारेट!

जीनची गोष्ट मी कामाच्या ठिकाणी एकदा सांगितली आहे. २०१८ च्या नोव्हेंबरात आपल्या राज्यात गोवर-रुबेला लसीची मोहीम सुरू झाली, नऊ महिने ते पंधरा वर्षांच्या मुलामुलींसाठी. मोबाइलवर काय वाट्टेल ते निरोप फिरत होते. मुलं होणार नाहीत म्हणे, ताप मेंदूत जातो म्हणे. आम्ही काहीजणी शाळाशाळांतून आयांच्या बैठका घेत होतो. रुबेला लहान मुलाला फारसा त्रास देत नाही, घात करतो तो पोटातल्या बाळाचा, आणि लस गरोदरपणात देता येत नाही म्हणून आधीच घ्यायची, हे नुसतं सांगून कोणाच्या गळी उतरेना. तेव्हा मी जीनची गोष्ट सांगितली. अमेरिकेतही १९६९ पर्यंत ही लस नव्हती, हेही सांगितलं.

मागच्या रांगेत एक बाई बसल्या होत्या. त्यांची थोरली आठ वर्षांची, जन्मतः ऐकू न येणारी, डोळ्यांचं ऑपरेशन झालेलं. सासरी आठ वर्षं एकच ऐकत आल्या होत्या, मागच्या जन्मीचं पाप फेडतेय. म्हणजे आमच्याकडे ती हिशोबाची वही सासूच उघडून बसलेली. मी त्यांना विचारलं, दिवस गेले तेव्हा अंगावर पुरळ उठलं होतं का? आठवून म्हणाल्या, तिसऱ्या महिन्यात उठलं होतं, उष्णता असेल म्हणून कोणी लक्ष दिलं नाही. त्या लेकरालाही रुबेलामुळेच झालं असं आज ठामपणे कोण सांगणार? पण बाईंच्या चेहऱ्यावरचं काहीतरी उतरलं, ते मी पाहिलं.

बैठक संपल्यावर त्या थांबल्या. जीनच्या रूपाबद्दल, चित्रपटांबद्दल काही नाही. त्यांनी एकच विचारलं, आई गेल्यावर त्या मुलीचं कोणी पाहिलं? मी सांगितलं की ती संस्थेतच राहिली, तिथल्या माणसांनी सांभाळलं, आईच्या मागे जवळजवळ एकोणीस वर्षं जगली आणि २०१० मध्ये गेली. बाई बोटांवर काहीतरी मोजत राहिल्या. मग धाकट्याचं नाव लसीच्या यादीत घालायला सांगून घाईघाईने निघाल्या, थोरलीला बालवाडीच्या ओट्यावर बसवून आल्या होत्या.