डॉ. कार्लोस शागस आणि पोटातली लेकरे

ब्राझील देशाच्या मीनास जेराइस प्रांतात ओलिवेरा नावाचे गाव आहे. त्या गावाजवळच्या एका कॉफीच्या मळ्यावर ९ जुलै १८७९ रोजी कार्लोस शागस यांचा जन्म झाला. आपल्याकडील डॉक्टर मंडळी या नावाचा उच्चार चागास असा करतात. या पोर्तुगीज शब्दाचा अर्थ जखमा. प्रभूच्या पाच जखमांची आठवण म्हणून हा शब्द त्या लोकांच्या नावांत आला. गोव्यातील आमच्या जुन्या वाचकांना हे सांगावयास नकोच.

कार्लोस चार वर्षांचा असताना वडील वारले. आई मारियाना तरुणपणीच विधवा झाली. मळ्याचा कारभार आणि लेकरांचे संगोपन, दोन्ही तिच्या एकटीच्या अंगावर पडले. मुलाला तिने इतू येथे जेझुइट पाद्र्यांच्या वसतिगृहात शिकावयास ठेवले. १८८८ साली ब्राझीलमध्ये गुलामगिरी बंद झाली, आणि सुटलेले गुलाम मळे लुटीत आहेत अशी आवई उठली. ती ऐकून हे पोर आईच्या काळजीने शाळेतून पळाले. त्याला तेव्हा नववे वर्षही पुरे झाले नव्हते. शाळेने त्याचे नाव काढून टाकले. पुढे आईची इच्छा त्याने इंजिनियर व्हावे अशी होती. पण त्याने डॉक्टर असलेल्या मामाची वाट धरली, व १९०३ साली रिओ द जानेरो येथे वैद्यकीची पदवी घेतली. प्रबंधाचा विषय होता हिवताप. डास आणि हिवताप यांचा संबंध रोनाल्ड रॉस यांनी आपल्या सिकंदराबादेस १८९७ साली दाखवून दिला, त्याला तेव्हा सहाच वर्षे झाली होती.

रिओजवळच्या संस्थेचे प्रमुख डॉ. ओस्वाल्दो क्रूझ हे शागस यांचे गुरू. १९०७ साली त्यांनी शिष्याला लासांस नावाच्या आडगावी पाठविले. तेथे रेल्वेचा फाटा टाकण्याचे काम चालले होते, आणि मजूर हिवतापाने पटापट आजारी पडत होते. राहावयास घर नाही, दवाखाना नाही. तेव्हा शागस यांनी आगगाडीच्या एका डब्यात आपले बिऱ्हाड थाटले. त्याच डब्यात झोपणे, तेथेच रोगी तपासणे, तेथेच सूक्ष्मदर्शक यंत्र.

त्या भागातील गोरगरिबांची घरे कुडाची. काठ्यांच्या तट्ट्या, वर मातीचा लिंपण, आणि छपर गवताने शाकारलेले. माती वाळली की भिंतीला भेगा पडत, व त्या भेगांत ढेकणाच्या जातीचा पण पंख असलेला, बोटाच्या पेराएवढा एक किडा दिवसभर दडून बसे. दिवा मालवला की तो बाहेर येई आणि झोपलेल्या माणसाच्या तोंडावर बसून रक्त पिई. लोक त्याला बार्बेइरो, म्हणजे न्हावी, म्हणत. १९०८ साली रेल्वेच्या एका इंजिनियराने हा किडा शागस यांना आणून दाखविला. अशा किड्यांना आपण रोज पाहतो आणि चपलेने चिरडतो. शागस यांनी मात्र त्याचे आतडे उघडून पाहिले. त्यात शेपटीसारखा तंतू हालवीत पोहणारे सूक्ष्म जंतू होते. काही किडे त्यांनी गुरूकडे रिओला धाडले. किडे चावलेली तेथील लहान माकडे आजारी पडली व त्यांच्या रक्तात तोच जंतू निघाला. शागस यांनी त्याला गुरूंचे नाव दिले.

आता माणसाचा शोध. एका घरातील मांजराच्या रक्तात जंतू सापडला होता. त्याच घरातील बेरेनिस नावाची दोन वर्षांची मुलगी तापाने फणफणली. तोंड सुजलेले, पाणथरी व यकृत वाढलेले. १४ एप्रिल १९०९ रोजी तिच्या रक्तात शागस यांना तो जंतू दिसला. जंतू, त्याला वाहणारा किडा आणि त्यापासून होणारा मनुष्याचा रोग, तिन्ही एकाच माणसाने शोधून काढावे असे वैद्यकाच्या इतिहासात क्वचितच घडले असेल. बेरेनिस त्या दुखण्यातून उठली व सत्तरी ओलांडेपर्यंत जगली. जंतू मात्र तिच्या रक्तात म्हातारपणापर्यंत होता.

आम्हाला ज्या गोष्टीविषयी विशेष लिहावयाचे आहे ती यापुढची. १९११ साली शागस यांनी असे लिहून ठेवले की, हा रोग आईच्या पोटातून लेकराकडेही जात असावा. त्या वेळी या ओळींकडे फारसे कोणी लक्ष दिले नाही. त्याचे कारणही उघड आहे. ज्या घराच्या प्रत्येक भेगेत किडा बसला आहे, तेथील तान्ह्या बाळाला रोग पाळण्यात जडला की उदरात, हे ठरविणार कसे? ती गोष्ट नीट सिद्ध व्हावयास १९४९ साल उजाडले. तेही ब्राझीलमध्ये नव्हे, तर व्हेनेझुएला देशात.

तोपर्यंत शागस हयात राहिले नाहीत, आणि त्यांची शेवटची वर्षे सुखाची गेली असेही म्हणता येत नाही. १९१७ साली ते गुरूंच्या जागी संस्थेचे प्रमुख झाले. १९१८ च्या इन्फ्लुएन्झाच्या साथीत त्यांनी रिओ शहरात लोकांची सेवा केली. १९२० ते १९२६ पर्यंत देशाचे आरोग्यखाते सांभाळले. परंतु १९२२ साली तेथील वैद्यक अकादमीतच काही मोठ्या डॉक्टरांनी त्यांच्यावर शस्त्र उपसले. हा रोग फक्त लासांसपुरता, याचे रोगी दाखवा, असला डांगोरा पिटून देशाची अब्रू कशाला घालविता, असा त्यांचा रोख होता. येथे खरे ते सांगितले पाहिजे. शागस यांच्या हातूनही एक मोठी चूक झाली होती. त्या भागात गलगंडाचे रोगी पुष्कळ, म्हणून गलगंडही याच जंतूमुळे होतो असे त्यांनी ठरवून टाकले. ते चुकीचे होते. जंतू किड्याच्या दंशातून शिरतो हेही त्यांचे मत दुसऱ्यांनी दुरुस्त केले. तो शिरतो किड्याच्या विष्ठेतून, खाजविलेल्या कातड्यावाटे. विरोधकांनी या चुका धरून सगळेच खोटे ठरवावयास पाहिले. चौकशी वर्षभर चालली. शोधाचे श्रेय त्यांना मिळाले, पण रोग किती पसरला आहे हा प्रश्न तसाच लोंबकळत राहिला. कुडाच्या झोपडीत मरणाऱ्यांची मोजदाद करावयाला राजधानीतून जातो कोण? ८ नोव्हेंबर १९३४ रोजी हृदयविकाराने शागस वारले. त्यांचे वय ५५ होते. त्यानंतर अर्जेंटिनातील डॉक्टरांनी शेकडो रोगी दाखवून त्यांचे म्हणणे खरे केले.

पुढे घरे सुधारली, भिंतींवर औषधे फवारली गेली. उरुग्वे देशात १९९७ साली, तर ब्राझीलमध्ये २००६ साली, रोग पसरविणाऱ्या मुख्य जातीच्या किड्याकडून होणारा प्रसार थांबल्याचे जाहीर झाले. किडा हटला, पण ज्या मुली लहानपणी त्या झोपड्यांत निजल्या होत्या त्या आता शहरांत, कोणी स्पेनमध्येसुद्धा, संसार करू लागल्या. त्यांना काही दुखत नाही, खुपत नाही. रक्तात मात्र जंतू आहे. गरोदरपणी तो वारेत वाढतो व तेथून बाळाच्या रक्तात उतरतो. अशा शंभर मातांपैकी सुमारे पाचजणींच्या लेकरांना तो गाठतो. ते लेकरू मुलगी असेल, तर तीही पुढे आपल्या बाळाला देऊ शकते, आणि या सगळ्यात किड्याचे तोंडही कोणी पाहिलेले नसते. शागस यांनी १९११ साली वर्तविलेला मार्गच आज पुष्कळ ठिकाणी मुख्य होऊन बसला आहे.

आजारी मूल जन्मले की कुजबुज सुरू होते. आमच्या मंडळ्यांतही ती होते, हे आम्ही नाकारीत नाही. जन्मांध मनुष्याला पाहून शिष्यांनी प्रभूला जो प्रश्न केला, तोच. पाप कोणाचे, याचे की आईबापांचे? प्रभूने दोन्ही नाकारले, हे आपण दर वर्षी वाचतो आणि तरी बाळंतिणीच्या खाटेजवळ विसरतो. या रोगात तर आईला आपल्या दुखण्याचाच पत्ता नसतो.

यातील बहुतेक बाळे जन्मतः धडधाकट दिसतात. काही अपुऱ्या दिवसांची, हलक्या वजनाची, पोट फुगलेली असतात. थोड्यांच्या मेंदूला वा हृदयाला सूज येते. धडधाकट दिसणाऱ्यांतही पुढे वीसतीस वर्षांनी, शंभरांत वीसतीस जणांचे हृदय खराब होते. म्हणून आईच्या रक्तात रोग निघाला तर बाळंतपणात नाळेतील किंवा बाळाचे रक्त सूक्ष्मदर्शक यंत्राखाली पाहतात. तेव्हा काही दिसले नाही, तर आठदहा महिन्यांनी पुन्हा तपासतात, कारण तोवर आईकडून आलेली प्रतिद्रव्ये बाळाच्या रक्तात राहून घोटाळा करतात. जंतू सापडला, तर बेन्झनिडाझोल नावाचे औषध सुमारे दोन महिने देतात. मोठ्या माणसांत जुना झालेला हा रोग हट्टी. पण पहिल्या वर्षातच औषध मिळाले तर शंभरांत नव्वदांहून अधिक बाळे साफ बरी होतात. गरोदर स्त्रीला ते देता येत नाही, तिला बाळंतपणानंतर देतात. लग्नाच्या वयाच्या मुलीला आधीच दिले, तर तिची पुढची लेकरे बहुधा सुटतात. आणि एका आईच्या रक्तात रोग निघाला की तिची आधीची मुलेही तपासावयास बोलावतात, थोरल्यापासून धाकट्यापर्यंत.