हुन्नराला राजाश्रय देणारा राजा : सयाजीराव गायकवाड

बडोद्याच्या राजवाड्यात २७ मे १८७५ रोजी जो दत्तकविधी झाला, त्यात गादीवर बसलेल्या मुलाला तेव्हा धड अक्षरओळखही नव्हती. नाशिक जिल्ह्यातील मालेगाव तालुक्यातल्या कवळाणे या खेड्यात काशीराव गायकवाड यांच्या शेतकरी घरात ११ मार्च १८६३ रोजी जन्मलेला गोपाळ हा बारा वर्षांचा मुलगा त्या दिवशी महाराजा सयाजीराव झाला. गुरे, शेत आणि मातीची घरे एवढेच त्याचे जग होते. मल्हारराव गायकवाडांना ब्रिटिश सरकारने पदच्युत केल्यानंतर खंडेराव महाराजांच्या विधवा पत्नी जमनाबाई यांनी गायकवाड घराण्याच्या दूरच्या शाखेतून या मुलाची निवड केली होती. ज्या वयात इतर राजपुत्रांचे निम्मे शिक्षण उरकलेले असते, त्या वयात या राजाने पाटी हाती घेतली. पुढे साठ वर्षांहून अधिक काळ त्याने आपल्या राज्यात शिक्षणावर जो पैसा आणि जी चिकाटी खर्च केली, तिचे मूळ या उशिरा सुरू झालेल्या शिक्षणात शोधावे लागते.

तरुण राजाच्या शिक्षणाची जबाबदारी एफ. ए. एच. इलियट या इंग्रज अधिकाऱ्यावर सोपविण्यात आली, तर राज्याची विस्कटलेली घडी दिवाण सर टी. माधवराव यांनी बसविली. भाषा, गणित, इतिहास यांबरोबरच महसूल, न्याय आणि हिशेब हेही विषय महाराजांना शिकावे लागले. २८ डिसेंबर १८८१ रोजी राज्यकारभाराची संपूर्ण सूत्रे त्यांच्या हाती आली, तेव्हा त्यांचे वय अठरा वर्षांचे होते. बडोदा, कडी, नवसारी आणि काठेवाडातील अमरेली अशा चार विभागांत विखुरलेले हे राज्य सधन होते. परंतु त्याची सधनता शेतसाऱ्यावर उभी होती. गावोगावचे विणकर, रंगारी, सुतार, लोहार मँचेस्टरच्या मालापुढे हतबल होत चालले होते. शाळेत गेलेल्या मुलाला कारकुनीखेरीज दुसरी वाट दिसत नव्हती.

राज्याने स्वतः कारखाने काढावेत, हा या दुखण्यावरचा पहिला उपाय करून पाहण्यात आला. सरकारी भांडवलावर कापडाची गिरणी उभी राहिली, गणदेवी येथे साखरेचा कारखाना निघाला. त्यांतून अपेक्षित फळ मिळाले नाही. यंत्रे परदेशातून आणता येतात. परंतु ती चालविणारी, दुरुस्त करणारी आणि त्यांच्यामागचे शास्त्र जाणणारी माणसे परदेशातून किती काळ आणणार, हा प्रश्न त्यातून पुढे आला. १८८७ साली महाराजांनी युरोपचा पहिला प्रवास केला. प्रकृतीच्या कारणाने सुरू झालेले हे परदेशप्रवास त्यांच्यासाठी हळूहळू अभ्यासदौरे बनले. राजवाड्यांइतकेच त्यांचे लक्ष तेथील शाळा, ग्रंथालये, कारखाने आणि वस्तुसंग्रहालये यांकडे असे. कारखान्याआधी कारागीर घडवावा लागतो आणि कारागिराच्या हाताला शास्त्राची जोड द्यावी लागते, हे त्यांच्या मनाने घेतले.

याच सुमारास त्यांना योग्य माणूस मिळाला. सुरतेचे त्रिभुवनदास कल्याणदास गज्जर हे रसायनशास्त्राचे पदवीधर होते आणि सुतारकाम व बांधकाम हा त्यांच्या घराण्याचा परंपरागत व्यवसाय होता. शास्त्र आणि हुन्नर या दोहोंची नाळ त्यांच्या ठायी जन्मतःच जुळलेली होती. देशी भाषेतून शास्त्र शिकविले तरच ते कारागिरांच्या वस्तीत पोहोचेल, असा त्यांचा आग्रह होता. त्यासाठी शास्त्रीय परिभाषा आणि पुस्तके तयार करण्याच्या कामाला महाराजांनी ५० हजार रुपये मंजूर केले. त्या काळात ही रक्कम लहान नव्हती.

जून १८९० मध्ये बडोद्यात कलाभवन सुरू झाले आणि गज्जर त्याचे पहिले प्रमुख झाले. चित्रकला, वास्तुकला, यंत्रविद्या, कापडाची रंगाई व छपाई, विणकाम असे विभाग तेथे उघडत गेले. वर्गातील फळ्याइतकेच महत्त्व येथे माग, रंगाच्या कढया, भट्टी आणि लेथ यांना होते. विद्यार्थ्याने नकाशा काढावा, त्याबरहुकूम वस्तू घडवावी, ती बिघडली तर का बिघडली याचा शोध घ्यावा, अशी ही रीत होती. डांबरापासून बनणारे नवे जर्मन रंग तेव्हा बाजारात येत होते. ते कापडावर कसे चढवावेत, याचे शिक्षण कलाभवनात मिळू लागले.

कलाभवनाच्या प्रारंभीच्या विद्यार्थ्यांमध्ये त्र्यंबकेश्वरचा एक तरुण होता. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत काही काळ शिकून तो बडोद्याला आला. चित्रकला आणि वास्तुकलेबरोबर त्याने तेथे छायाचित्रणाचा हात बसविला. गज्जर यांनी त्याच्यातील प्रयोगाची आवड ओळखून त्याला उत्तेजन दिले. तो तरुण म्हणजे धुंडिराज गोविंद फाळके. १९१३ साली 'राजा हरिश्चंद्र' पडद्यावर आला, तेव्हा त्यामागे कॅमेरा, रसायने, रंगविलेले पडदे आणि छपाई यांची जी बहुविध जाण होती, तिच्या जडणघडणीत कलाभवनाचा वाटा होता. ज्या धंद्याचे नावही १८९० मध्ये कुणी ऐकले नव्हते, त्या धंद्याचा पाया तेथे शिकलेल्या एका हाताने घातला.

गज्जर यांची मूळ योजना कलाभवनाहून विशाल होती. ती सर्वांशाने अमलात आली नाही आणि १८९६ च्या सुमारास ते मुंबईस विल्सन कॉलेजात रसायनशास्त्राचे प्राध्यापक झाले. चाफेकर बंधूंनी डांबर फासलेला राणी व्हिक्टोरियाचा संगमरवरी पुतळा इजा न होऊ देता स्वच्छ करणारे रसायनतज्ज्ञ ते हेच. मुंबईतील त्यांच्या प्रयोगशाळेत तयार झालेल्या कोटीभास्कर आणि भाईलाल अमीन या शिष्यांनी १९०७ साली अलेंबिक केमिकल वर्क्सची मुहूर्तमेढ रोवली. हा उद्योग पुढे बडोद्यात वाढला आणि भारतीय औषधनिर्मितीत त्याने आपले स्थान निर्माण केले. गुरू बडोदे सोडून गेला, तरी त्याच्या विद्येचे फळ बडोद्याला मिळाले ते असे.

हस्तकौशल्याचे शिक्षण शहरापुरते राहू नये, याकडेही महाराजांचे लक्ष होते. नवसारी विभागातील सोनगडच्या जंगलभागात धाणका या आदिवासी समाजाच्या मुलांसाठी वसतिगृहासह शाळा काढण्यात आली. लेखन-वाचनाबरोबर या मुलांना शेती आणि सुतारकाम शिकविले जाई. इंग्लंडमधील सायरनसेस्टर येथे शेतकीचे शिक्षण घेऊन आलेले खासेराव जाधव यांच्यासारखे अधिकारी राज्याच्या सेवेत होते. त्यांना परदेशी पाठविण्यामागे हाच हेतू होता. अस्पृश्य मानल्या गेलेल्या जातींच्या मुलांसाठीही स्वतंत्र शाळा निघाल्या. तेथे शिकवायला सवर्ण शिक्षक मिळेनात, तेव्हा मुसलमान शिक्षक नेमून शाळा चालू ठेवण्यात आल्या.

तथापि ज्या मुलाला वाचता येत नाही त्याला नकाशाही वाचता येणार नाही. म्हणून हुन्नरशिक्षणाच्या जोडीला प्राथमिक शिक्षणाचा पाया घालणे आवश्यक होते. १८९३ साली अमरेली तालुक्यातील दहा गावांत सक्तीच्या आणि मोफत शिक्षणाचा प्रयोग सुरू झाला. शेतीच्या कामाला मुलांचे हात लागत असल्याने पालकांचा विरोध होता आणि गैरहजेरीबद्दल दंड करावा लागे. हा प्रयोग धिम्या गतीने चालू असतानाच राज्यावर मोठे संकट कोसळले. विक्रम संवत १९५६ मध्ये पडला म्हणून छप्पनिया या नावाने ओळखला जाणारा १८९९-१९०० चा दुष्काळ आणि त्यामागोमागची रोगराई यांनी गुजरात होरपळून निघाला. १८९१ मध्ये सुमारे २४ लाख असलेली बडोदे राज्याची लोकसंख्या १९०१ च्या शिरगणतीत साडेएकोणीस लाखांवर आली.

अशा वेळी शिक्षणावरचा खर्च कमी करावा, असा सल्ला कोणत्याही खजिनदाराने दिला असता. महाराजांनी दुष्काळी भागाची पाहणी केली आणि त्यातून उलट निष्कर्ष काढला. केवळ पावसावर जगणारी प्रजा प्रत्येक अवर्षणात मरणाच्या दारी उभी राहणार, तेव्हा तिच्या हाताला शेतीखेरीज दुसरे काम शिकविणे हाच टिकाऊ उपाय, ही त्यांची भूमिका ठाम झाली. डिसेंबर १९०२ मध्ये अहमदाबाद येथे राष्ट्रीय सभेच्या अधिवेशनाच्या निमित्ताने भरलेल्या औद्योगिक प्रदर्शनाचे उद्घाटन करताना त्यांनी हाच विचार देशापुढे मांडला. हिंदुस्थानचे दारिद्र्य दैवाने आलेले नसून अज्ञान आणि कौशल्याचा अभाव ही त्याची कारणे आहेत. जुन्या हस्तव्यवसायांचे गोडवे गाण्यापेक्षा यंत्र आत्मसात करावे, असे त्या भाषणाचे सार होते.

१९०६ साली सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा कायदा संपूर्ण राज्याला लागू झाला. मुलांसाठी सात ते बारा आणि मुलींसाठी सात ते दहा अशी वयोमर्यादा त्यात होती. ब्रिटिश हिंदुस्थानात असा कायदा व्हावा म्हणून गोपाळ कृष्ण गोखले यांनी पुढे मध्यवर्ती कायदेमंडळात प्रयत्न केला, तेव्हा बडोद्याचे उदाहरण त्यांच्यासमोर होते. गोखल्यांचे विधेयक फेटाळले गेले. बडोद्यातील शाळा मात्र चालू राहिल्या.

शिक्षण घेतलेल्या तरुणाला धंदा उभारायचा तर भांडवल हवे. त्यासाठी २० जुलै १९०८ रोजी बँक ऑफ बडोदाची स्थापना झाली. विठ्ठलदास ठाकरसी, लल्लुभाई सामळदास यांच्यासारखे उद्योगपती आणि सहकारी विचारांचे कार्यकर्ते तिच्याशी निगडित होते. १९०६ च्या अमेरिका दौऱ्यात पाहिलेल्या सार्वजनिक ग्रंथालयांचा प्रभाव पडून १९१० मध्ये विल्यम बॉर्डन या अमेरिकी तज्ज्ञाला पाचारण करण्यात आले. लाकडी पेट्यांतून खेडोपाडी पुस्तके फिरू लागली. जादूचा कंदील आणि चित्रपट यांच्या साहाय्याने, निरक्षर गावकऱ्यांनाही आरोग्याची आणि शेतीची माहिती डोळ्यांनी पाहता येईल, अशी व्यवस्था ग्रंथालय खात्याने केली. मराठी व गुजराती ग्रंथनिर्मितीसाठी महाराजांनी दोन लाख रुपयांचा निधी वेगळा काढला. स्त्रियांना हस्तव्यवसाय शिकवून स्वावलंबी करण्यासाठी महाराणी चिमणाबाई यांच्या नावाने उद्योगालय सुरू झाले.

हुशार विद्यार्थ्यांना परदेशी पाठविण्याच्या बडोद्याच्या शिष्यवृत्तीचे सर्वांत ख्यातनाम मानकरी अर्थातच डॉ. बाबासाहेब आंबेडकर. १९१३ साली न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात अध्ययनासाठी त्यांना दरमहा साडेअकरा पौंडांची तीन वर्षांची शिष्यवृत्ती मिळाली. परंतु शिष्यवृत्तीच्या अटीनुसार १९१७ मध्ये राज्याच्या नोकरीसाठी ते बडोद्यास परतले, तेव्हा त्यांना राहायला घर मिळाले नाही. कचेरीतील शिपाईदेखील त्यांना कागद लांबूनच टाकीत. अखेर त्यांना बडोदे सोडावे लागले. खजिन्यातून विद्या देता येते. परंतु त्या विद्येला मान देणारा समाज केवळ राजाज्ञेने घडत नाही, हे कटू सत्य या प्रसंगाने उघड केले. सयाजीरावांच्या कार्याचे मूल्यमापन करताना ही मर्यादा नजरेआड करता येत नाही. त्यांचा कारभार अखेर एकछत्री होता. सुधारणा वरून खाली येत होती आणि खालच्या पायऱ्यांवर ती अनेकदा अडत होती.

तरीही त्यांचे वेगळेपण निर्विवाद आहे. शिक्षणाला देणगी देणारे संस्थानिक त्या काळात थोडेथोडके नव्हते. सयाजीरावांनी शिक्षणाकडे दानधर्म म्हणून पाहिले नाही. रस्ते आणि पाटबंधारे यांच्याप्रमाणे तो राज्याचा नित्याचा खर्च मानला. पहिल्या काही वर्षांत फळ दिसले नाही म्हणून कलाभवन बंद झाले नाही, संस्थापक निघून गेले म्हणून त्याचे अनुदान आटले नाही. दुष्काळ आला, दिवाण बदलले, १९११ च्या दिल्ली दरबारातील वर्तनावरून ब्रिटिशांचा रोष ओढवला. तरी या खात्यावरचा हात आखडला गेला नाही. राज्यारोहणाच्या हीरकमहोत्सवानिमित्त १९३६ मध्ये त्यांनी ग्रामसुधारणेसाठी एक कोटी रुपयांचा निधी राखून ठेवला.

६ फेब्रुवारी १९३९ रोजी मुंबईत सयाजीरावांचे निधन झाले. दहा वर्षांनी बडोदे संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले आणि त्याच १९४९ साली त्यांच्या नावाचे विद्यापीठ स्थापन झाले. कलाभवन या विद्यापीठाची तंत्रज्ञान व अभियांत्रिकी शाखा बनले. संस्थानाची नाणी, तोफांच्या सलाम्या, दरबारी पोशाख वस्तुसंग्रहालयात गेले. कलाभवनातले यंत्राचे शिक्षण मात्र पुढच्या पिढ्यांसाठी चालू राहिले. बाराव्या वर्षी पाटी हाती घेणाऱ्या राजाने आपल्या प्रजेतील मुलांच्या हाती लेखणीबरोबर हत्यारही दिले. त्यांतील किती मुलांनी कोणते धंदे उभारले, याचा पुरा हिशेब कोणत्याही दप्तरात सापडणार नाही. शिक्षणावरील खर्चाची परतफेड दुसऱ्याच्या खात्यावर जमा होते, हे ठाऊक असूनही सयाजीराव तो करीत राहिले.