शंकर पुरुषोत्तम आघारकर : विज्ञानवर्धिनीचा शिल्पकार

पुण्यातील गोपाळ गणेश आगरकर रस्त्यावर आघारकर संशोधन संस्था उभी आहे. दोन्ही नावांचा उच्चार इतका जवळचा की, ही संस्था 'सुधारक'कार आगरकरांच्याच स्मरणार्थ असावी, असा अनेकांचा समज होतो. प्रत्यक्षात ती ज्यांच्या नावाने ओळखली जाते, ते शंकर पुरुषोत्तम आघारकर हे वनस्पतिशास्त्रज्ञ होते. शेतातील पीक, त्यावरची कीड, फुलावरची मधमाशी आणि मातीतील बुरशी यांचा अभ्यास एका छपराखाली व्हावा, यासाठी त्यांनी आयुष्याची अखेरची चौदा वर्षे वेचली.

आघारकरांचा जन्म १८ नोव्हेंबर १८८४ रोजी मालवण येथे झाला. मुंबईच्या एल्फिन्स्टन महाविद्यालयात शिक्षण घेऊन १९०९ मध्ये ते एम. ए. झाले आणि तेथेच जीवशास्त्राचे अध्यापन करू लागले. सुट्टी मिळाली की सह्याद्रीच्या रानात आणि नदीकाठी हिंडून वनस्पती व प्राणी गोळा करायचे, हा त्यांचा परिपाठ होता. या भटकंतीतूनच त्यांचे नाव प्रथम विद्वज्जनांपर्यंत पोहोचले. सातारा जिल्ह्यातील कृष्णेच्या उपनद्यांच्या गोड्या पाण्यात त्यांना जेलीफिश आढळला. या प्रजातीचे भाऊबंद तोवर केवळ आफ्रिकेतील सरोवरांत आणि नद्यांत ठाऊक होते. हिंदुस्थान आणि आफ्रिका यांच्यामध्ये अथांग समुद्र असताना गोड्या पाण्यातला हा नाजूक जीव दोन्हीकडे कसा, या प्रश्नाने कोलकात्याच्या इंडियन म्युझियममधील प्राणिशास्त्रज्ञ नेल्सन ॲनन्डेल यांचेही कुतूहल जागे झाले. कोणता जीव कोठे आढळतो आणि तेथेच का, हा प्रश्न पुढे आघारकरांच्या संशोधनाचा गाभा बनला.

सर रासबिहारी घोष यांनी १९१३ मध्ये कोलकाता विद्यापीठाला मोठी देणगी दिली आणि त्यातून विज्ञानाची नवी अध्यासने निर्माण झाली. त्यांपैकी वनस्पतिशास्त्राच्या अध्यासनासाठी आघारकरांची निवड झाली. उच्च अभ्यासासाठी त्यांना बर्लिनला, ॲडॉल्फ एंग्लर या थोर वनस्पतिशास्त्रज्ञाकडे पाठविण्यात आले. परंतु १९१४ मध्ये पहिले महायुद्ध पेटले. ब्रिटिश प्रजाजन असल्यामुळे आघारकर शत्रुराष्ट्राचे नागरिक ठरले आणि त्यांना स्थानबद्धता सोसावी लागली. तारुण्यातील उमेदीची वर्षे अशी परक्या देशात अडकून पडली. तरीही त्यांनी अभ्यासाचा धागा तुटू दिला नाही. १९१९ मध्ये त्यांना डॉक्टरेट मिळाली. तिचा विषय होता, वायव्य हिंदुस्थानातील रुक्ष प्रदेशांत तगून राहणाऱ्या वनस्पती आणि त्यांचा प्रसार.

हा विषय वरवर पुस्तकी वाटतो. पण बीडसारख्या अवर्षणप्रवण जिल्ह्यात बालाघाटच्या उघड्या माळावर उभे राहिले की त्याचे मोल कळते. पाऊस पाठ फिरवतो, तेव्हा कोणती झाडे जळतात आणि कोणती तग धरतात, हा तेथील शेतकऱ्याच्या जीवनमरणाचा प्रश्न असतो. शुद्ध विज्ञान आणि शेतीचा बांध यांतील अंतर वाटते तेवढे नसते.

१९२० मध्ये परतल्यावर आघारकरांनी सुमारे पाव शतक कोलकाता विद्यापीठाच्या वनस्पतिशास्त्र विभागाची धुरा वाहिली. १९४६ मध्ये निवृत्त होऊन ते पुण्यास आले. वय साठीच्या पुढे, नावलौकिक मिळालेला. विश्रांती घेतली असती तरी कोणी दोष दिला नसता. मात्र कोलकात्याच्या वास्तव्यात एक गोष्ट त्यांच्यासमोर होती. महेंद्रलाल सरकार यांनी १८७६ मध्ये स्थापन केलेल्या विज्ञानसंस्थेतच सी. व्ही. रामन यांचे जगन्मान्य संशोधन घडले होते. तशी स्वतंत्र संशोधनसंस्था महाराष्ट्रातही हवी, या विचाराने त्याच वर्षी काही वैज्ञानिक एकत्र आले आणि 'महाराष्ट्र विज्ञानवर्धिनी'ची स्थापना झाली. आघारकर तिचे संस्थापक संचालक झाले. स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावरील त्या दिवसांत शुद्ध संशोधनासाठी पैसा, जागा आणि माणसे मिळवणे हे नवे रोप खडकात लावण्याइतकेच अवघड होते.

तरीही रोप रुजले. संस्थेत वनस्पतींचा संग्रह उभा राहिला. बुरशींचा अभ्यास आणि पिकांच्या रोगांवरील संशोधन सुरू झाले. भारतीय मधमाशीच्या गुणसूत्रांवरील अभ्यास १९५९ मध्ये येथूनच प्रसिद्ध झाला. पुढच्याच वर्षी, २ सप्टेंबर १९६० रोजी आघारकरांचे निधन झाले. अखेरपर्यंत ते संस्थेचे संचालक होते.

१९९२ मध्ये विज्ञानवर्धिनीच्या या संशोधन संस्थेला त्यांचे नाव देण्यात आले. 'एमएसीएस' ही तिच्या इंग्रजी नावाची आद्याक्षरे ज्यांच्या पिशवीवर छापलेली असतात, ती सोयाबीनची वाणे महाराष्ट्रातील शेतकऱ्यांच्या परिचयाची आहेत. २०२१ मध्ये संस्थेने 'एमएसीएस १४०७' हे वाण पुढे आणले. चक्रीभुंगा, खोडमाशी, पांढरी माशी, मावा अशा किडींना ते दाद देत नाही आणि हेक्टरी ३९ क्विंटलपर्यंत उत्पादन देते. पूर्व आणि ईशान्य भारतासाठी शिफारस झालेले हे वाण पारंपरिक संकराच्या पद्धतीने तयार झाले आहे. किडीशी झुंजण्याची ताकद फवाऱ्यातून विकत न घेता झाडाच्या अंगीच असावी, हा त्यामागचा विचार.

हे वाण पाहायला आघारकर नव्हते, आणि ते त्यांचे संशोधन आहे असेही म्हणता येणार नाही. परंतु जे काम आपल्या हयातीत पुरे होणार नाही, त्यासाठी उतारवयात जागा, माणसे आणि शिस्त उभी करणे, हेही विज्ञानच होय. आगरकर रस्त्यावरून जाताना त्या फलकावरील नाव एकदा नीट वाचावे, एवढे तरी त्यांचे आपल्यावर ऋण आहे.