त्सुदा उमेको : शासनाला विसर पडलेली विद्यार्थिनी

जपानने जुलै २०२४ मध्ये पाच हजार येनची नवी नोट चलनात आणली. तीवर त्सुदा उमेको यांचे चित्र आहे. ज्या राज्याने या स्त्रीला बालपणी सरकारी खर्चाने परदेशी धाडले आणि परतल्यावर तिला काम देण्याचे ज्याला सुचले नाही, त्याच राज्याने तिला हा मान दिला, हे एक उशिराचे प्रायश्चित्तच म्हटले पाहिजे.

१८७१ मध्ये मेजी शासनाने इवाकुरा तोमोमी यांच्या नेतृत्वाखाली एक मोठे शिष्टमंडळ पाश्चात्त्य देशांकडे रवाना केले. होक्काइदो बेटाच्या विकासासाठी नेमलेल्या खात्याने त्यासोबत पाच मुली दहा वर्षांच्या शिक्षणासाठी अमेरिकेस पाठविल्या. सुशिक्षित मातांवाचून राष्ट्र घडत नाही, हा त्यामागील विचार. पहिल्या आवाहनाला एकाही पालकाने प्रतिसाद दिला नव्हता. पुढे ज्या घराण्यांनी मुली दिल्या, ती सारी यादवी युद्धात पराभूत झालेल्या शोगुनच्या पक्षाकडील होती. गेलेली प्रतिष्ठा मिळविण्याचा दुसरा मार्ग त्यांच्यापुढे नव्हता. उमे ही त्या पाच जणींत सर्वांत लहान. जहाज सुटले तेव्हा तिला सात वर्षे पूर्ण होण्यास जेमतेम आठवडा उरला होता.

दोघी मोठ्या मुली आजारपणामुळे लवकरच मायदेशी परतल्या. उमे वॉशिंग्टनजवळील जॉर्जटाऊन येथे चार्ल्स लॅनमन या निपुत्रिक दांपत्याच्या घरी वाढली. तेथील शाळांत ती इंग्रजी, लॅटिन, फ्रेंच, गणित शिकली. १८७३ मध्ये तिने ख्रिस्ती धर्म स्वीकारला. १८८२ च्या अखेरीस ती तोक्योत परतली, तेव्हा तिला मातृभाषा बोलता येत नव्हती. जन्मदात्या आईशी बोलण्यासही दुभाष्याची गरज पडावी, ही या शिक्षणाची किंमत होती. ती कोणत्याही अंदाजपत्रकात मांडलेली नव्हती.

याहून कठोर गोष्ट पुढेच होती. ज्या खात्याने या मुलींना पाठविले, ते त्याच वर्षी बरखास्त झाले होते. परदेशातून परतलेल्या पुरुषांना अधिकारपदे मिळत होती. स्त्रियांसाठी एकही जागा निर्माण केलेली नव्हती. सोबतच्या सुतेमात्सु आणि शिगे यांनी विवाह केले. उमे यांनी मात्र अविवाहित राहून शिक्षिका होण्याचे ठरविले. १८८५ मध्ये त्यांना सरदारकन्यांच्या शाळेत इंग्रजी शिकविण्याची नोकरी मिळाली. तथापि तेथील शिक्षणाचा हेतू मुलींना स्वावलंबी करण्याचा नसून विवाहयोग्य करण्याचा होता.

१८८९ मध्ये त्या पुन्हा अमेरिकेस गेल्या व ब्रिन मॉर महाविद्यालयात जीवशास्त्र शिकल्या. बेडकाच्या अंड्याविषयी टी. एच. मॉर्गन यांच्यासह त्यांनी केलेले संशोधन १८९४ मध्ये प्रसिद्ध झाले. मॉर्गन यांना पुढे नोबेल पारितोषिक मिळाले. उमे मात्र १८९२ मध्येच मायदेशी परतल्या होत्या. जाण्यापूर्वी जपानी तरुणींच्या उच्च शिक्षणासाठी त्यांनी अमेरिकेत सुमारे आठ हजार डॉलरचा निधी उभा केला. ज्या शिष्यवृत्तीने त्यांना घडविले, तिची सोय त्यांनी आता इतरांसाठी करून ठेवली. फरक एवढाच की या मुली आपली भाषा व विचार पक्के झाल्यानंतर परदेशी जाणार होत्या.

१८९९ च्या कायद्याने प्रत्येक प्रांतात मुलींचे माध्यमिक विद्यालय आवश्यक ठरले आणि शिक्षिकांची मागणी वाढली. ही संधी उमे यांनी अचूक हेरली. १९०० मध्ये सरकारी नोकरी सोडून त्यांनी तोक्योत भाड्याच्या घरात अवघ्या दहा विद्यार्थिनींसह इंग्रजीची शाळा काढली. सुतेमात्सु व शिगे या बालमैत्रिणी पाठीशी उभ्या राहिल्या. १९०५ मध्ये या शाळेच्या पदवीधरांना इंग्रजी शिक्षकाच्या सरकारी परीक्षेतून सूट मिळाली. शिकलेल्या मुलीला स्वतःची मिळकत मिळू लागली.

१९२३ च्या भूकंपानंतरच्या आगीत शाळा भस्मसात झाली. ती पुन्हा उभी राहिली. १६ ऑगस्ट १९२९ रोजी उमेको निवर्तल्या. आज तीच संस्था त्सुदा विद्यापीठ म्हणून ओळखली जाते.

विद्यार्थ्याला परदेशी पाठविणे हा खर्च होय. परतल्यावर त्याच्या ज्ञानाला काम देणे, तेव्हाच तो खर्च गुंतवणूक ठरतो. जपानच्या शासनाने पहिला भाग पार पाडला. दुसरा भाग पुरा करण्यास एका एकाकी शिक्षिकेला आपले सारे आयुष्य वेचावे लागले.