डाळीपासून सुरू झालेली मॅगी

आपल्याकडे ‘मॅगी’ हे आता एका पदार्थाचे नाव झाले आहे. पाकीट कोणत्याही कंपनीचे असो, मुले मागतात ती मॅगीच. पण मॅगी हे मुळात एका माणसाचे आडनाव. ज्यांचे हे आडनाव, ते गृहस्थ 1912 मध्ये वारले. दोन मिनिटांत शिजणाऱ्या नूडल्स त्यांनी कधी पाहिल्याही नाहीत. त्यांचे नाव झाले ते सुपामुळे, आणि ते सूप होते वाटाणा-घेवड्याच्या पिठाचे. कारखान्यात राबणाऱ्या गरिबाच्या पोटात चार घास प्रथिनांचे कसे जातील, असा प्रश्न एका डॉक्टरने विचारला होता. ते सूप म्हणजे त्या प्रश्नाचे उत्तर होते.

ज्युलियस मॅगी यांचा जन्म 9 ऑक्टोबर 1846 रोजी स्वित्झर्लंडमधील फ्राउएनफेल्ड या गावी झाला. वडील मूळचे इटलीचे. स्वित्झर्लंडमध्ये येऊन ते पिठाच्या गिरणीच्या धंद्यात स्थिरावले होते. ज्युलियस हे काही हुशार म्हणून नावाजलेले विद्यार्थी नव्हते. शाळा बदलाव्या लागल्या, पुढे व्यापाराचे शिक्षण घेण्यासाठी धरलेली उमेदवारीही अर्धवट सुटली. मग ते हंगेरीला गेले आणि तिथल्या वाफेवर चालणाऱ्या एका मोठ्या गिरणीत नोकरीला लागले.

हंगेरीतील हा मुक्काम महत्त्वाचा आहे. पांढऱ्याशुभ्र पिठासाठी तिथल्या गिरण्या त्या काळी युरोपभर प्रसिद्ध होत्या. जात्याच्या दगडांऐवजी रोलरमधून गहू काढण्याचे तंत्र तिथे रुजत होते. दगडी जात्यात गहू सालासकट भरडला जातो. रोलरमध्ये मात्र कोंडा आणि अंकुर बाजूला काढता येतात आणि उरतो तो आतला पिठूळ भाग, म्हणजे मैदा. तो दिसायला सुंदर, टिकायला चांगला, पण गव्हातले तंतू, बी गटातील जीवनसत्त्वे आणि लोह यांचा मोठा वाटा कोंड्याबरोबर निघून गेलेला. ज्या मैद्यापासून आजच्या नूडल्स बनतात, त्याचे तंत्र तरुण मॅगींनी अशा रीतीने जवळून पाहिले होते.

1869 मध्ये ते मायदेशी परतले आणि झुरिचजवळच्या केम्प्टथाल येथील वडिलांची गिरणी त्यांनी ताब्यात घेतली. पण काळ गिरणीवाल्यांना अनुकूल नव्हता. रेल्वे आणि आगबोटींमुळे बाहेरचे स्वस्त धान्य आणि पीठ येऊ लागले होते. नुसते गव्हाचे पीठ विकून लहान गिरण्यांचा निभाव लागेना. मॅगी नव्या मालाच्या शोधात होते.

त्याच सुमारास स्वित्झर्लंडमध्ये डॉ. फ्रिडोलिन शूलर हे नाव गाजत होते. शूलर यांनी ग्लारुस प्रांतात बरीच वर्षे डॉक्टरकी केली होती. हा भाग कापड कारखान्यांचा. 1877 मध्ये देशात कारखाना कायदा झाला, कामाचा दिवस 11 तासांचा ठरला आणि 14 वर्षांखालील मुलांना कारखान्यात कामाला लावण्यास बंदी झाली. हा कायदा पाळला जातो की नाही हे पाहण्यासाठी सरकारने निरीक्षक नेमले, त्यांत शूलर होते. कारखान्यांबरोबर त्यांनी कामगारांची घरे आणि ताटेही पाहिली.

त्या ताटांत असे बटाटे, पाव आणि पातळ कॉफी. मांस परवडत नसे. नवरा-बायको दोघेही कामावर, त्यामुळे स्वयंपाकाला ना वेळ होता ना ताकद. भूक मारायला स्वस्त दारू होतीच. पोट भरत होते, पण शरीर झिजत होते. वैद्यकाच्या भाषेत सांगायचे तर उष्मांक जेमतेम मिळत होते आणि प्रथिनांची ओढाताण होती. बटाटा आणि पाव यांच्यावर वाढणारी मुले अशक्त राहत आणि साध्या आजारालाही बळी पडत.

1882 मध्ये शूलर यांनी एका लोकहितकारी संस्थेपुढे हा विषय मांडला. त्यांचा सल्ला आपल्याला ओळखीचा वाटेल: कामगारांना कडधान्ये खायला घाला. वाटाणा, घेवडा, मसूर यांत वजनाच्या जवळजवळ पाव भाग प्रथिने असतात आणि ती मांसापेक्षा कितीतरी स्वस्त पडतात. शिवाय गव्हाच्या प्रथिनांत लायसिन या अमिनो आम्लाची उणीव असते, ती कडधान्ये भरून काढतात. वरण-भात, आमटी-भाकरी या जोड्यांमागचे शास्त्रही हेच.

पण अडचण होती. कडधान्ये भिजवावी लागतात, तासन् तास शिजवावी लागतात, आणि नीट शिजली नाहीत तर पोटाला जड जातात. कच्च्या कडधान्यांत पचनरसांच्या कामात अडथळा आणणारे घटक असतात, ते उष्णतेने निकामी होतात. 11 तास कारखान्यात उभी राहिलेली बाई रात्री वाटाणे शिजवत बसणार कशी? म्हणून शूलर यांना असे पीठ हवे होते, जे स्वस्त असेल, पचेल आणि पाण्यात घालून थोड्या वेळात शिजेल.

या कामाला मॅगी पुढे आले. दोन वर्षे त्यांनी प्रयोग केले. कडधान्ये आधी उष्णतेची प्रक्रिया करून मग दळायची, म्हणजे त्यांच्या पेशींच्या भिंती फुटतात, पीठ लवकर शिजते आणि पचायलाही हलके होते. आपल्याकडे कुळीथ भाजून, दळून त्याची पिठी ठेवतात आणि पाहुणा दारात असताना पिठले करतात, त्यातलीच ही युक्ती. 1884 मध्ये संस्थेने मॅगींशी करार केला. संस्थेने या पिठाची शिफारस करायची आणि मॅगींनी ते ठरलेल्या स्वस्त दरात विकायचे. आहारशास्त्र, समाजसेवा आणि व्यापार यांनी असे एकत्र येणे त्या काळी नवेच होते.

पण पोषक असणे आणि आवडणे या दोन वेगळ्या गोष्टी. पीठ अपेक्षेइतके खपले नाही. ज्याच्यासाठी ते बनवले होते, तो कामगार बटाट्यालाच चिकटून राहिला. प्रयोगांवर बराच पैसा खर्च झाला होता. मग मॅगींनी पिठात चरबी, वाळवलेल्या भाज्या आणि मसाले मिसळले आणि 1886 मध्ये वाटाणा आणि घेवड्याची तयार सुपे बाजारात आणली. पाण्यात मिसळा, उकळा आणि प्या. झटपट सुपाचा आजचा धंदा ज्या मुळांतून वाढला, त्यांतले हे एक मोठे मूळ.

त्याच वर्षी त्यांनी आणखी एक वस्तू काढली आणि तिने बाकी सगळ्यांना मागे टाकले. ती म्हणजे गडद तपकिरी रंगाचा चवीचा अर्क. मांसापासून काढलेला अर्क तेव्हा युरोपात मिळत असे, पण तो महाग होता. मॅगींच्या अर्कात वनस्पतींच्या प्रथिनांचा उपयोग होता. अशी प्रथिने आम्लात बराच वेळ उकळली की त्यांचे तुकडे होऊन अमिनो आम्ले सुटी होतात. मग सोड्याने आम्ल मारले की त्यातून मीठ तयार होते. सुट्या झालेल्या अमिनो आम्लांपैकी ग्लुटामिक आम्ल जिभेला मांसाच्या रश्श्यासारखी चव देते. 1908 मध्ये जपानी शास्त्रज्ञ किकुनाए इकेदा यांनी समुद्री शेवाळाच्या पाण्यात हीच चव शोधली आणि तिला ‘उमामी’ असे नाव दिले. त्यातून अजिनोमोटो आले. मॅगींच्या बाटलीत ही चव त्याआधी 22 वर्षे उतरली होती, फक्त तिचे नाव कोणाला ठाऊक नव्हते.

बाटलीचा आकार मॅगींनी स्वतः ठरवला. पिवळा आणि लाल हे रंग तेव्हाच आले. जाहिरातीचे महत्त्व त्यांना लवकर कळले होते. त्यांनी त्यासाठी वेगळे खाते उघडले आणि पुढे नाटककार म्हणून प्रसिद्ध झालेल्या तरुण फ्रांक वेडेकिंड यांना मजकूर लिहायला नोकरीवर ठेवले. जर्मनीत तर या अर्काची चव इतकी घरोघरी गेली, की कोथिंबीर-ओव्याच्या कुळातील तशाच वासाच्या एका पाल्याला लोक मॅगीचा पाला म्हणू लागले.

धंदा वाढला. 1890 मध्ये त्याचे मोठ्या भागभांडवलाच्या कंपनीत रूपांतर झाले. जर्मनीत झिंगेन येथे कारखाना निघाला. केम्प्टथालच्या आसपास मॅगींनी सुपाच्या भाज्यांसाठी शेती विकत घेतली. कामगारांसाठी जेवणघर, राहण्याची घरे आणि आजारपणातील मदतीचा निधी अशा सोयी केल्या. 1908 मध्ये रश्श्याची वडी निघाली. एक वडी, एक पेला गरम पाणी, झाला रस्सा.

आयुष्याच्या शेवटच्या दशकात मॅगी पॅरिसला राहू लागले आणि त्यांनी दुधात लक्ष घातले. शहरात येणाऱ्या कच्च्या दुधातून जंतुसंसर्ग होत असे आणि लहान मुलांना त्याचा सर्वांत मोठा फटका बसे. मॅगींच्या कंपनीने पाश्चरीकरण केलेले दूध पॅरिसमध्ये मोठ्या प्रमाणावर विकायला सुरुवात केली. या दुधाने त्यांना नाव दिले तसे शत्रूही दिले. ही कंपनी जर्मनांची हेर आहे, असा प्रचार काही फ्रेंच राष्ट्रवाद्यांनी चालवला. 1914 मध्ये महायुद्ध पेटल्यावर जमावाने पॅरिसमधील तिची दूधविक्रीची दुकाने फोडली. ते पाहायला मॅगी नव्हते. 19 ऑक्टोबर 1912 रोजी, वयाच्या 66 व्या वर्षी, झुरिचजवळच्या क्युसनाख्ट येथे त्यांचे निधन झाले होते.

1947 मध्ये ही कंपनी नेस्लेमध्ये विलीन झाली. 1958 मध्ये जपानमध्ये मोमोफुकु आंदो यांनी शेवया तेलात तळून वाळवण्याची युक्ती काढली. तळताना पाणी उडून जाते, शेवयांना बारीक छिद्रे पडतात आणि गरम पाणी त्यांत पटकन शिरते. 1980 च्या दशकात मॅगी हे नाव आणि या तळलेल्या शेवया एकाच पाकिटातून भारतात आल्या. मधल्या शंभर वर्षांत नाव टिकले, चव टिकली, झटपटपणाही टिकला. हरवली ती डाळ.

साध्या नूडल्सचे 70 ग्रॅमचे पाकीट उलटे करून वाचावे. पहिला घटक मैदा, दुसरा बहुधा पामतेल. उष्मांक सुमारे 300, स्निग्ध पदार्थ 9 ते 11 ग्रॅम, प्रथिने 5 ते 7 ग्रॅम, तंतू नाममात्र. तितक्याच वजनाच्या कडधान्याच्या पिठात 15 ग्रॅमच्या आसपास प्रथिने असतात. सोडियम साधारण 700 ते 1000 मिलिग्रॅम, म्हणजे पावणेदोन ते अडीच ग्रॅम मीठ. जागतिक आरोग्य संघटनेच्या सल्ल्यानुसार मोठ्या माणसाला दिवसभरात मिळून 5 ग्रॅमपेक्षा कमी मीठ पुरे. म्हणजे एका पाकिटात दिवसाच्या मिठाचा तिसरा हिस्सा ते निम्मा वाटा संपतो. लहान मुलाची मर्यादा याहून कमी.

लोकांच्या मनात भीती असते ती मात्र अजिनोमोटोची. 2015 मध्ये भारतात मॅगी नूडल्सवर बंदी आली, ती शिसे आणि ग्लुटामेटविषयीचा लेबलवरील मजकूर या दोन मुद्द्यांवरून. त्याच वर्षी मुंबई उच्च न्यायालयाने ती रद्द केली, नव्याने तपासण्या झाल्या आणि नोव्हेंबरमध्ये पाकिटे दुकानांत परतली. ग्लुटामेट टोमॅटोत असते, चीजमध्ये असते, आईच्या दुधातही असते. नेहमीच्या प्रमाणात ते घातक असल्याचे सिद्ध झालेले नाही. रक्तदाब, मूत्रपिंडाचा विकार किंवा हृदयाची तक्रार असणाऱ्यांनी मोजायचे ते मीठ.

म्हणून मॅगी कधीच खाऊ नये असे नाही. महिन्यातून एक-दोनदा हौसेने खाल्ल्याने कोणी आजारी पडत नाही. ती रोजचा डबा किंवा रात्रीचे जेवण झाली की घोटाळा होतो. करायचीच असेल तर मसाल्याची पुडी अर्धीच घालावी. वाफवलेला मटार, मोड आलेले मूग, अंडे किंवा पनीर आणि मूठभर भाज्या घालाव्यात. म्हणजे हरवलेली डाळ थोडी तरी परत येते.

शूलर यांनी पाहिलेली बाई आजही आहे. ती लोकल पकडून आठ वाजता घरी येते, दमलेली असते आणि मुले भुकेली असतात. तिला वेळ नाही, हे खरेच आहे. पण भाजलेल्या कुळथाची पिठी किंवा बेसन घरात असेल, तर दहा मिनिटांत पिठले होते. डॉक्टर शूलर यांना हवे होते, ते असेच काहीतरी होते.