मेकॅनिकल व्हेप हातात गरम का होतो? उत्तर एका बिअरवाल्याच्या पोरानं १८४० मध्येच शोधलं होतं

मेकॅनिकल मॉड नावाचा व्हेपचा एक प्रकार असतो. त्यात सर्किट नाही, चिप नाही, स्क्रीन नाही. धातूची नळी, आत एक बॅटरी, खाली बटण आणि वर तारेची कॉइल. बटण दाबलं की करंट थेट कॉइलमध्ये जातो, कॉइल तापते आणि वाफ तयार होते.

भारतात २०१९ च्या कायद्यानं ई-सिगारेटचं उत्पादन, आयात, विक्री आणि जाहिरात या सगळ्यावर बंदी आहे. तरी रील्समधून हे प्रकरण दिसत राहतं. आणि मग प्रश्न पडतो, की कॉइल तापते हे ठीक, पण हातातली नळी आणि बटण का तापतं?

याचं उत्तर हवं असेल तर थेट इंग्लंडमधल्या सॅलफर्डला जावं लागतं. मँचेस्टरला खेटून असलेलं हे गाव. इथंच २४ डिसेंबर १८१८ ला जेम्स प्रेस्कॉट ज्यूलचा जन्म झाला.

घरचा धंदा बिअरचा. वडिलांची मोठी ब्रुअरी होती, पैशाला कमी नव्हती. पण पोराची तब्येत नाजूक, पाठीच्या कण्याचा त्रास. त्यामुळे शिक्षण घरीच झालं. पुढं वडिलांनी जेम्स आणि त्याच्या भावाला शिकवणीला पाठवलं. शिकवणारा माणूस होता जॉन डाल्टन. हो, तोच अणुसिद्धांतवाला डाल्टन. १८३७ मध्ये डाल्टनला पक्षाघाताचा झटका आला आणि शिकवणी थांबली, पण पोराला प्रयोगांचं वेड लागून गेलं होतं.

ज्यूल कधी कॉलेजात गेला नाही, प्राध्यापकही झाला नाही. ब्रुअरीचं काम बघायचं आणि उरलेल्या वेळात घरच्या प्रयोगशाळेत बसायचं, हा त्याचा दिनक्रम.

त्या काळी विजेच्या मोटरची हवा होती. ज्यूलला वाटलं, वाफेच्या इंजिनाऐवजी मोटर लावली तर? शेवटी तो धंदेवाल्याचा पोरगा. त्यानं हिशोब मांडला. बॅटरीत जस्त खर्ची पडायचं आणि जस्ताचा खर्च कोळशापुढं परवडत नव्हता. मोटरचा नाद फसला, पण वीज नेमकी कुठं कुठं वाया जाते, हा प्रश्न डोक्यात राहिला.

मग १८४० मध्ये त्यानं एक साधा प्रयोग केला. तारेचं वेटोळं पाण्यात बुडवलं, त्यातून करंट सोडला आणि पाणी किती तापतं ते थर्मामीटरनं मोजलं. करंट दुप्पट केला तर उष्णता दुप्पट व्हायला हवी, असं कुणालाही वाटेल. ती झाली चौपट. करंट तिप्पट, तर उष्णता नऊपट. म्हणजे उष्णता करंटच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, आणि तारेचा रोध जितका जास्त तितकी जास्त. दहावीच्या पुस्तकातला ज्यूलचा नियम तो हाच. तेव्हा पोरगा २१ वर्षांचा होता.

रॉयल सोसायटीनं मात्र या शोधाचा फक्त सारांश छापला. सविस्तर निबंध १८४१ मध्ये दुसऱ्या नियतकालिकात आला.

ज्यूल पुढं गेला. उष्णता हा एक अदृश्य पदार्थ आहे, असं तेव्हा बरेच शास्त्रज्ञ मानायचे. ज्यूलचं म्हणणं होतं, की उष्णता ही ऊर्जा आहे आणि कामाचं रूपांतर उष्णतेत होतं. १८४३ मध्ये त्यानं आयर्लंडमधल्या कॉर्कच्या परिषदेत हे मांडलं. सभा गप्प. मग त्यानं पडणाऱ्या वजनांच्या जोरावर पाण्यात वल्हं फिरवलं आणि पाण्याचं तापमान मोजलं. फरक इतका बारीक होता की लोकांचा त्या आकड्यांवर विश्वास बसेना.

१८४७ मध्ये ऑक्सफर्डला त्याला थोडक्यात आटपायला सांगितलं गेलं. पण सभेत २३ वर्षांचा विल्यम थॉमसन बसला होता, म्हणजे पुढचा लॉर्ड केल्व्हिन. ज्यूलचं म्हणणं त्याला सगळं पटलं नाही, पण सोडवतही नव्हतं. त्याच वर्षी ज्यूलचं अमेलियाशी लग्न झालं आणि जोडपं आल्प्समध्ये हनिमूनला गेलं. तिथंच थॉमसन पुन्हा भेटला. मग दोघांनी काय करावं? धबधब्याच्या वरचं आणि खालचं पाणी मोजून बघायचं ठरवलं. खाली पडलेलं पाणी थोडं गरम असायला हवं ना! तो प्रयोग जमला नाही, पण दोघांची जोडी जमली.

१८५० मध्ये रॉयल सोसायटीनं त्याला सदस्य करून घेतलं. १८५४ मध्ये अमेलिया गेली, दोन मुलं मागं राहिली. त्याच वर्षी ब्रुअरीही विकली गेली. शेवटी शेवटी पैशाची चणचण होती. १८७८ पासून सरकारनं वर्षाला २०० पौंडांची पेन्शन दिली. ११ ऑक्टोबर १८८९ ला ज्यूल गेला.

आता परत त्या नळीकडे येऊ.

मेकॅनिकल मॉडमध्ये नळी हीच वायर असते. करंट बॅटरी, बटण, स्प्रिंग, आटे आणि कॉइल या सगळ्यांतून फिरतो. जिथं जिथं रोध, तिथं तिथं उष्णता. आट्यांत मळ साचला, बटणाचा संपर्क नीट नसला, की तिथंही वीज उष्णता होऊन बसते. बॅटरीलाही स्वतःचा रोध असतो. भर म्हणून कॉइलची उष्णता धातूतून खाली उतरते, ती वेगळीच.

आकडेच बघा. बॅटरी ४.२ व्होल्ट, कॉइल ०.५ ओहम, आणि बाकी सगळ्याचा मिळून रोध ०.०५ ओहम. करंट साधारण ७.६ अँपियर, आणि कॉइल सोडून इतरत्र जवळपास ३ वॅट उष्णता. आता कॉइल ०.२५ ओहमची लावा. करंट १४ अँपियर आणि इतरत्र जवळपास १० वॅट. कॉइलचा रोध निम्मा झाला आणि नको तिथली उष्णता तिपटीहून जास्त वाढली. हा ज्यूलच्या वर्गाचा खेळ.

कोमट नळी यानं समजते. पण बटण चटका देत असेल, किंवा दाबलं नसतानाही नळी तापत असेल, तर शॉर्ट सर्किट असू शकतं. आणि या नळीत करंट तोडणारी चिप नसते. बॅटरी तापत जाऊन फुटू शकते. २०१८ मध्ये अमेरिकेत फ्लोरिडामध्ये अशाच स्फोटात एका माणसाचा जीव गेला.

ज्यूलच्या थडग्यावर एक आकडा कोरलाय, ७७२.५५. एक पौंड पाणी एक अंश फॅरनहाइटनं तापवायला किती फूट-पौंड काम लागतं, त्याचा हा आकडा. आज गिझर, इस्त्री आणि मोबाईलच्या चार्जरपर्यंत सगळ्यांची ऊर्जा ज्या एककात मोजता येते, त्याला याच बिअरवाल्याच्या पोराचं नाव आहे.